डी हॅविलँड मॉथ: एका हलक्या विमानाचे कूळ आणि त्यातले भेद

दर वर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला की जे. आर. डी. टाटांचे एखादे जुने छायाचित्र सगळीकडे फिरू लागते आणि त्याखाली हमखास लिहिलेले असते की याच टायगर मॉथमधून त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघून अहमदाबादमार्गे जुहूला उतरलेले ते विमान टायगर मॉथ नव्हते, पस मॉथ होते. त्याआधी १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी (भारत-इंग्लंड प्रवास एकट्याने उडून करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठीच्या बक्षिसासाठी) जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे एकट्याने निघाले ते जिप्सी मॉथमधून, आणि १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून. या तिन्ही प्रवासांत टायगर मॉथ कुठेच नाही.

तिन्हींच्या नावात मॉथ असल्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे, पण ही एकाच विमानाची तीन नावे नव्हेत. जिप्सी मॉथ उघड्या कॉकपिटचे दुपंखी (एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्यांचे), पस मॉथ पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचे बंद केबिनवाले एकपंखी, तर लेपर्ड मॉथ पस मॉथसारखेच दिसणारे पण लाकडी. हे कूळ एकदा नीट मांडावे असे पुष्कळ दिवस मनात होते, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की मॉथचे प्रकार आकडे आणि अक्षरे पाठ करून लक्षात राहत नाहीत. कोणत्या अडचणीमुळे कोणता बदल झाला हे कळले की ते आपोआप लक्षात राहतात.

सुरुवात लंडनच्या वायव्येला, एजवेअरजवळच्या स्टॅग लेन येथील कारखान्यात होते. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश विमान-रचनाकार जेफ्री डी हॅविलँड यांना सामान्य माणसाला परवडेल आणि चालवता येईल असे विमान करायचे होते. १९२३ सालचे त्यांचे डीएच ५३ (डीएच म्हणजे डी हॅविलँड) फार लहान आणि अशक्त ठरले, तर १९२४ सालचे डीएच ५१ मोठे आणि महाग ठरले. ते तीनच बनले. दोन आसने, थोडे सामान आणि लांबच्या प्रवासाला पुरेल इतकी ताकद, एवढे सगळे माफक वजनात बसवायचे तर त्या मापाचे इंजिनच बाजारात नव्हते. खरी अडचण ही होती.

तिच्यावरचा उपाय फ्रँक हॅलफर्ड या इंजिन-रचनाकाराने काढला. युद्धानंतर रेनॉच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांचे सुटे भाग ढिगाने पडून होते आणि त्यांच्यावरूनच एअरडिस्को नावाचे १२० अश्वशक्तीचे इंजिन तयार झालेले होते. त्यात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या बसवलेल्या असत. हॅलफर्डने त्यांतली एकच रांग घेतली, तिच्यासाठी नवी क्रँककेस (सिलिंडर ज्यावर बसतात ते इंजिनाचे कवच) केली आणि सरळ रांगेतल्या चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे ६० अश्वशक्तीचे सिरस इंजिन तयार झाले. अर्ध्या इंजिनाच्या मापाने बेतलेले विमान म्हणजे डीएच ६०. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी जेफ्री डी हॅविलँड यांनी स्वतः ते स्टॅग लेनवरून पहिल्यांदा उडवले. त्याच वर्षी मे महिन्यात वैमानिक ॲलन कोबम यांनी त्यातून लंडन ते झुरिक आणि परत असा प्रवास एका दिवसात केला.

नावाचीही एक हकीकत आहे. डी हॅविलँड यांना कीटकांचा, विशेषतः पतंगांचा अभ्यास करण्याचा छंद होता. या विमानाचे पंख पुढचा खटका काढून मागे शेपटीकडे वळवून ठेवता येत, तेव्हा त्याची रुंदी जेमतेम दहा फूट उरे आणि ते साध्या शेडमध्ये मावे, मोटारीमागे बांधून रस्त्याने ओढूनही नेता येई. विसावलेल्या पतंगाची आठवण करून देणारे म्हणून ते मॉथ. पुढची नावेही त्याच छंदातून आली. टायगर मॉथ, पस मॉथ, लेपर्ड मॉथ, फॉक्स मॉथ ही इंग्लंडात आढळणाऱ्या खऱ्या पतंगांची नावे आहेत. वाघ, मांजर, बिबट्या आणि कोल्हा यांच्याशी विमानांचा संबंध नाही.

मॉथ जगभर पसरले याचे एक कारण यंत्रात नव्हते, धोरणात होते. ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक खात्याचे संचालक सेफ्टन ब्रँकर यांनी सरकारी मदतीने हलक्या विमानांचे क्लब काढण्याची योजना रेटली आणि त्या क्लबांसाठी मॉथ निवडले गेले. हेच प्रारूप पुढे भारतात आले. दिल्ली, कराची आणि मुंबई येथे फ्लाइंग क्लब निघाले, जुहूच्या मैदानावर मॉथ घरघरू लागली आणि तिथेच शिकून जे. आर. डीं.नी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना क्रमांक १ मिळवला.

दरम्यान नवी अडचण उभी राहिली. मॉथ इतकी खपू लागली की युद्धातले उरलेले सुटे भाग संपत आले. मग हॅलफर्डनेच डी हॅविलँडसाठी संपूर्ण नवे १०० अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन केले आणि १९२८ साली डीएच ६०जी, म्हणजे जिप्सी मॉथ, आले. विमान बहुतांशी तेच आहे, बदलले ते इंजिन. मात्र इंजिनाची खात्री वाढल्यामुळे माणसे वाळवंट आणि समुद्र ओलांडायला निघाली. ॲमी जॉन्सन ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून निघून २४ मे रोजी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोहोचल्या त्या 'जेसन' नावाच्या जिप्सी मॉथमधून. ते विमान आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेले आहे. त्याच मे महिन्यात त्याच मार्गावर आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. पश्चिमेकडे आणि १७ वर्षांचे ॲस्पी इंजिनिअर पूर्वेकडे उडत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याकडचा जादा प्लग त्यांना दिला आणि पारितोषिक ॲस्पींनी जिंकले. पुढे तेच ॲस्पी भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

जिप्सी मॉथचा लाकडी सांगाडा सगळीकडे टिकाऊ ठरेना, म्हणून पोलादी नळ्यांचा डीएच ६०एम निघाला. तो थोडा जड होता, पण कॅनडासारख्या देशांत आणि सैन्यदलांत त्याला पसंती मिळाली.

जिप्सी इंजिनाचे सिलिंडर वर उभे असत आणि वैमानिकाला समोर पाहताना नेमके नजरेआड येत. हॅलफर्डने इंजिन उलटे केले. क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, वर आणि सिलिंडर खाली. प्रोपेलर उंचावर गेला, नाक उतरते झाले आणि समोरचे मैदान दिसू लागले. हे उलटे इंजिन म्हणजे १२० अश्वशक्तीचे जिप्सी थ्री, आणि पस मॉथ याच इंजिनावर उभे राहिले. १९२९ सालच्या सप्टेंबरात पहिल्यांदा उडालेल्या या विमानात वैमानिक वाऱ्यापावसापासून सुरक्षित, बंद केबिनमध्ये बसे. साध्या कपड्यांत प्रवास करता येई आणि शेजारी टपालाच्या थैल्या ठेवता येत. मात्र त्याच्या वाट्याला दुःखद काळही आला. उड्डाणात पंख तुटून अनेक अपघात झाले, माणसे दगावली, आणि दीर्घ तपासानंतर पंखांच्या आधारदांड्या भक्कम करण्यात आल्या. १९३३ सालच्या लेपर्ड मॉथमध्ये पोलादी नळ्यांऐवजी प्लायवूडचा हलका सांगाडा आला आणि वैमानिकामागे दोन प्रवासी शेजारी-शेजारी बसू लागले.

आता टायगर मॉथ. हा प्रकार मला सर्वांत रंजक वाटतो, कारण त्याचा आकार एका माणसाला पटकन बाहेर पडता यावे एवढ्याचसाठी ठरला.

जुन्या मॉथमध्ये पुढचे आसन वरच्या पंखाच्या मध्यभागाखाली असे. डोक्यावर पेट्रोलची टाकी आणि चहूबाजूंनी दांड्या व तारा. क्लबातल्या हौशी प्रवाशाला त्याची फिकीर नव्हती, पण ब्रिटिश वायुदलाला शिकवण्यासाठी विमान हवे होते; तिथे शिक्षक पुढे बसणार आणि त्याच्या पाठीला पॅराशूट असणार. संकटकाळी त्याने या पिंजऱ्यातून उडी कशी मारायची? वरच्या पंखाचा मध्यभाग आणि त्याच्या दांड्या पुढे सरकवल्या तर आसनाच्या वरची जागा मोकळी होते. परंतु पंख पुढे गेले की त्यांची उचल विमानाच्या गुरुत्वमध्यापासून सरकते आणि तोल बिघडतो. म्हणून पंखांची टोके मागे वळवण्यात आली. कारखान्यात हे काम कागदावर कमी आणि प्रत्यक्ष विमानावर करून पाहत जास्त झाले. टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले दिसतात ते वेगासाठी नाही, देखणेपणासाठी तर नाहीच. पुढच्या माणसाला उडी मारता यावी म्हणून ते तसे आहेत.

हे विमान, डीएच ८२, २६ ऑक्टोबर १९३१ रोजी ह्यूबर्ट ब्रॉड यांनी स्टॅग लेनवर पहिल्यांदा उडवले. पाठोपाठ १३० अश्वशक्तीच्या जिप्सी मेजर इंजिनाचे डीएच ८२ए आले. त्याच्या पाठीवर कापडाऐवजी प्लायवूडचे आच्छादन होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि राष्ट्रकुलातले असंख्य वैमानिक याच विमानावर शिकले. मॉरिस मोटर्सच्या काउली येथील मोटार-कारखान्यात ते हजारोंनी बनले. सर्व देश मिळून संख्या ८,८०० च्या वर गेली. भारतात बेगमपेठ आणि जोधपूरच्या प्राथमिक उड्डाणशाळांत हेच विमान होते. प्रकार पुष्कळ आहेत, ते चर्चेत येतीलच.

प्रतिसाद १

लेख अतिशय आवडला. दोन गोष्टींची भर घालतो. एक म्हणजे टायगर मॉथ हे नाव आधी दुसऱ्याच विमानाला दिलेले होते. १९२७ साली डी हॅविलँडनी वेगाच्या चाचणीसाठी डीएच ७१ नावाची दोन छोटी एकपंखी विमाने केली होती आणि त्यांचे नावही टायगर मॉथच होते. जुन्या कागदपत्रांत १९२७ सालचा टायगर मॉथ आढळला तर ती चूक समजू नये.

दुसरी म्हणजे कॅनडातला डीएच ८२सी. तिथल्या हिवाळ्यात उघड्या कॉकपिटमध्ये शिकणे अशक्यच, म्हणून त्यावर सरकते काचेचे छत आले, केबिन गरम ठेवण्याची सोय झाली आणि शेपटीखालच्या घसरपट्टीच्या जागी चाक आले. शिवाय ब्रेक बसवले. मूळ टायगर मॉथला ब्रेक नसतात. जिप्सी इंजिनांचा पुरवठा तुटेल या भीतीने काही विमानांना अमेरिकी मेनास्को इंजिन लावले, त्यांना मेनास्को मॉथ म्हणत. धागाकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे प्रत्येक बदलामागे एक अडचण होती, याचे हे उत्तम उदाहरण वाटते.

प्रतिसाद २

डीएच ८२बी, म्हणजे क्वीन बी, राहून गेले. १९३५ सालचे हे विमान माणसाशिवाय उडे. विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी खरे उडते लक्ष्य हवे होते, म्हणून टायगर मॉथचे पंख आणि जुन्या मॉथसारखा लाकडी सांगाडा एकत्र करून हे केले. लाकूड स्वस्त होते आणि पाण्यात पडले तर तरंगतही असे. मागच्या कॉकपिटमध्ये रेडिओची यंत्रणा असे आणि जमिनीवरचा माणूस टेलिफोनच्या गोल तबकडीसारखी तबकडी फिरवून डावे-उजवे, वर-खाली असे हुकूम सोडी. अशी चारशेच्या आसपास विमाने बनली. आज आपण ज्यांना ड्रोन म्हणतो त्या शब्दाचे मूळही याच राणीमाशीत असल्याचे मानले जाते, कारण ड्रोन म्हणजे नर मधमाशी.

प्रतिसाद ३

मी मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना टायगर मॉथमध्ये बसण्याचा योग आला. त्या अर्ध्या तासाविषयी सविस्तर लिहितो, कारण वर लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी तिथे हाताला लागल्या.

प्रवाशाला पुढच्या आसनावर बसवतात. वैमानिक एकटा असला तरी मागूनच विमान चालवतो. पंखावर पाय ठेवायचा तो अंगालगतच्या काळ्या पट्टीवरच, अन्यत्र पाय पडला तर कापड फाटेल, असे मला दोनदा बजावण्यात आले. कॉकपिटच्या कडेला छोटी दारे खाली पडतात, त्यातून आत सरकायचे. आसनावर बसून मी मुद्दाम वर पाहिले. पेट्रोलची टाकी डोक्यावर नव्हती, पुढे होती, आणि वर मोकळे आकाश दिसत होते. शिक्षकाच्या पॅराशूटची गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. आज हा धागा वाचून त्या मोकळ्या जागेचा अर्थ कळला.

टाकीच्या वर एक उभी काचेची नळी आहे आणि तिच्यात तरंगत्या बुचाला जोडलेली काडी वर-खाली होते. तोच इंधनाचा काटा. इंजिन चालू करणे हा दोन माणसांचा विधी आहे. खालचा माणूस आधी कर्बोरेटरचे बटण दाबून पेट्रोल ठिबकेपर्यंत थांबला, मग स्विच बंद असल्याची मोठ्याने खात्री करून त्याने प्रोपेलर हाताने चार-पाच वेळा फिरवला, आणि मग 'कॉन्टॅक्ट' असे ओरडून एकच झटका दिला. इंजिन खोकल्यासारखा आवाज करून सुरू झाले. ब्रेक नसल्यामुळे चाकांपुढे लाकडी ठोकळे होते. ते काढल्यावर आम्ही गवतावरून नागमोडी वळणे घेत निघालो, कारण शेपटी खाली असताना नाकापुढचे काहीच दिसत नाही.

हवेत मला वैमानिकाने काही क्षण काठी हातात दिली. काठी थोडी डावीकडे नेली तर विमान सावकाश, विचार करून कलल्यासारखे कलले. उतरल्यावर वैमानिकाने समजावले की एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) फक्त खालच्या पंखांना आहेत, त्यामुळे पायाने रडर (शेपटीवरची उभी हलती फळी) दिल्याशिवाय वळण नीट होत नाही. शिकाऊ माणसाची प्रत्येक चूक हे विमान त्याला दाखवते, पण तिच्यासाठी त्याचा जीव घेत नाही, हे त्याचे शब्द माझ्या लक्षात राहिले आहेत.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या वाक्याला एक तांत्रिक पुरवणी. युद्धकाळात ब्रिटनमध्ये काही टायगर मॉथ गिरकीतून (गोल फिरत खाली येण्यातून) वेळेत बाहेर येत नाहीत असे आढळले. नंतर जोडलेल्या जादा वस्तूंनी वजन आणि त्याची वाटणी बदलली होती. त्यावर उपाय म्हणून आडव्या शेपटीच्या पुढे, अंगाच्या दोन्ही कडांवर चिंचोळ्या पट्ट्या बसवण्यात आल्या. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या विमानांना त्या सहसा दिसत नाहीत. जुने छायाचित्र कोणत्या देशातल्या विमानाचे आहे हे ओळखायला या पट्ट्यांचा उपयोग होतो.

प्रतिसाद ५

टायगर मॉथचा भारतातला वारस एका मराठी माणसाने घडवला, हे इथे नोंदवायलाच हवे. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. वि. मा. घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे संशोधन केले आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात एचटी-२ या शिकाऊ विमानाची रचना केली. भारतात आखलेले आणि घडवलेले हे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी पहिल्यांदा उडवले आणि वायुसेनेत त्याने टायगर मॉथची जागा घेतली. ते धातूचे, एकपंखी आणि दिसायला मॉथहून पूर्ण निराळे होते. तरीही पहिल्या नमुन्याला कोणते इंजिन होते? जिप्सी मेजर १०. म्हणजे १९२५ साली अर्धे करून सुरू झालेल्या त्या इंजिनाचाच वंशज बंगळूरला पोहोचला होता. पुढे त्याला सिरस मेजर लावले, आणि सिरस तर मूळ मॉथचेच इंजिन-घराणे. घाटगे यांचे नाव आपल्याकडे जितके घ्यायला हवे तितके घेतले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद ६

मी विमानांच्या प्रतिकृती करतो. केवळ छायाचित्रावरून जिप्सी, पस, लेपर्ड आणि टायगर ओळखायचे कसे, हे धागाकर्त्यांनी सांगितले तर बरे होईल. विशेषतः कृष्णधवल आणि अंधूक चित्रांत फार अडते.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. डीएच ७१ आणि क्वीन बी माझ्याकडून सुटले होते. घाटगे यांच्या विमानाचे आणि जिप्सी इंजिनाचे नाते तर मी या दृष्टीने कधी पाहिलेच नव्हते.

प्रतिकृतीच्या प्रश्नाविषयी: आधी पंख मोजावेत. एकच जोडी, ती केबिनच्या छपराला जोडलेली आणि बाजूला दार असेल, तर विमान पस किंवा लेपर्ड आहे. पसचे पंख टोकापर्यंत बहुतेक सारख्याच रुंदीचे असतात, लेपर्डचे निमुळते होत जातात. पंखांच्या दोन जोड्या असतील तर नाकाकडे पाहावे. सिलिंडरांची डोकी नाकाच्या वर डोकावत असतील आणि पंख शरीराशी काटकोनात असतील तर ते जिप्सी मॉथ किंवा त्याआधीचे. नाक वरून गुळगुळीत उतरते आणि पंख मागे झुकलेले असतील तर टायगर. उलट्या इंजिनाचे पण सरळ पंखांचे दुपंखी दिसले तर गोंधळू नये. ते बहुधा मॉथ मेजर, म्हणजे जुन्या डीएच ६० चे शेवटचे रूप. आणि समोर छोटी बंद केबिन, तिच्यामागे उघड्यावर बसलेला वैमानिक असे विचित्र चित्र असेल तर ते फॉक्स मॉथ. त्याला टायगरचेच पंख, शेपटी आणि इंजिन लावून आत तीन-चार प्रवासी बसवले होते.

१९३२ सालच्या विमानाची नोंदणी व्हीटी-एडीएन अशी होती. जे. आर. डीं.नी ते जुहूला आणले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा सेवेचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. त्या काळातले, मागे डोंगर दिसणारे मॉथचे एखादे चित्र कुणाच्या घरच्या जुन्या अल्बमात असेल तर ते जुहूचे समजून बाजूला ठेवू नये. त्याचे दार आणि पंख पाहून इथे जरूर लिहावे.